युरानची पावलं

युरानच्या सँडलमध्ये कापसाचे बोळे कोंबून म्योंग्जाने पाय आत सरकवले. सँडल मोठ्या होत्या. शेजारी खुर्चीत बसून युरान स्वतःचे अनवाणी पाय शेगडीवर शेकत होती.

"ताई, चावतायत का?"

"मोठ्या सँडल चावत नाहीत. पळून जातात."

युरान मनापासून हसली. पडद्यावर चेहरा तिचा असणार होता, गुडघ्याखालचं सगळं म्योंग्जाचं.

गाणं अजून तयार झालेलंच नव्हतं. चुंगमुरोच्या सिनेमावस्तीतले सगळेच सिनेमे तेव्हा मुके काढत. संवाद, बुटांचा आवाज, संगीत, सगळं मागाहून भरायचं. त्यामुळे सहायक प्यो कॅमेऱ्याच्या घरघरीवर आवाज चढवून टाळ्या वाजवत होता आणि म्योंग्जाने त्यावर माम्बो नाचायचा होता.

तिचा उजवा गुडघा हिवाळा सुरू झाल्यापासून मध्येच अडकायचा. हे कुणाला ठाऊक नव्हतं. भातगिरणीच्या माडीवर तिचा नाचाचा वर्ग होता. समोरच्याच रस्त्यावर दुसऱ्या एका बाईने वर्ग काढला होता; अमेरिकन छावणीत नाचून आलेली, तरुण, चपळ. लंगड्या बाईकडे कोणती आई मुलीला पाठवेल? म्योंग्जाने झग्याखाली गुडघ्याला पट्टी घट्ट आवळली होती आणि वर्गात ती प्रत्येक पाऊल डाव्या पायावर शिकवत होती.

गिरकीनंतर उजवं पाऊल टाकायची वेळ आली आणि गुडघा अडकला. पाऊल क्षणभर हवेतच राहिलं, मग टाच उशिराने, जड पडली. तिने पुढची पावलं सावरून घेतली.

"चालेल," दिग्दर्शक म्हणाले. फिल्म महाग होती. "पुढचा शॉट."

काही आठवड्यांनी संगीतकार बांग यांनी तिला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावलं. वादक जागेवरच पेंगत होते, वाडग्यांतल्या शेवया फुगून गेल्या होत्या. पडद्यावर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालू होता.

"हे बघ," बांग म्हणाले. "ठेका येतो आणि पाय येतच नाही. चुकलंय का? चुकलं असेल तर सांग, तेवढं कापायला सांगतो. मग का चुकलं ते दिग्दर्शकाला तू समजाव."

म्योंग्जाने पडद्याकडे पाहिलं. टाच पडली. फिल्म मागे गेली. टाच पुन्हा पडली.

"चुकलं नाही. मुद्दाम आहे."

"मुद्दाम?"

"तिथे थांबायचं असतं."

बांग यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"सकाळपासून आम्ही सगळे या एका पावलामागे धावतोय, आणि बाईसाहेबांना थांबायचं होतं." ते ड्रमवाल्याकडे वळले. "ऐकलंस ना? थांब मग तूही."

ड्रम थांबला. पाऊल पडल्यावर पुन्हा सुरू झाला. झोपेतून उठलेला ट्रंपेटवाला म्हणाला, "अरे, हे बरं वाटतंय की."

वसंतात ती तबकडी प्रत्येक चहागृहात वाजू लागली. बसथांब्यावर उभ्या मुली गाणं गुणगुणताना नेमक्या त्या जागी एक पाय उचलून थांबत. भिंतीभिंतीवर पोस्टर होतं: युरान, एक पाऊल हवेत. भातगिरणीच्या माडीवर नव्या मुली आल्या. समोरच्या वर्गातल्याही आल्या. त्यांना माम्बो नको होता. त्यांना तेवढं एकच पाऊल हवं होतं.

म्योंग्जाने तबकडी लावली आणि ते पाऊल डाव्या पायावर करून दाखवलं. स्वच्छ, हलकं, ड्रमबरोबर.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. गिरणीमालकाची मुलगी हेंगसुक पुढे आली.

"बाई, हे ते नाही."

"तेच आहे."

"नाही हो. मी कितीदा तरी बघितलाय सिनेमा. युरान उजव्या पायाने करते. आणि असं टुणकन नाही. तिचं कसं, जिवावर आल्यासारखं असतं. टाकू की नको, असं."

"अगं, युरान ती युरान," मागून कुणीतरी कुजबुजलं. "बाईंचं वय काय, तिचं वय काय."

खिडकीजवळ हशा पिकला. म्योंग्जाने भिंतीला लावलेला सरावाचा दांडा धरला होता, तो सोडला. तिने सुई मागे नेली. गिरकी घेतली, उजवा पाय उचलला. ड्रम थांबला. गुडघा अडकला, पाऊल लोंबकळत राहिलं आणि टाच पडली.

मुली किंचाळल्याच.

"हुबेहूब! बाई, अगदी हुबेहूब युरान!"

म्योंग्जाने वरच्या ओठावरचा घाम पुसला. धाप कमी होईपर्यंत ती मुलींकडे पाठ करून तबकडीवरची धूळ झटकत राहिली.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"आम्हांला कुठे दिसलं नीट!" मागच्या रांगेतून ओरडा झाला. "पुन्हा, बाई. पुन्हा."

पुढच्या मुली खाली बसल्या, मागच्यांना दिसावं म्हणून. म्योंग्जाने सुई उचलली आणि गाण्याच्या सुरुवातीवर ठेवली.