सावकाश जळणारी दारू

लेलँडने चमच्यातली बंदुकीची दारू तराजूच्या इवल्या ताटलीत सोडली, चमच्याला बोटाने हलकी टिचकी मारली आणि काटा मधल्या रेघेवर येऊन थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. दाणे खसखशीसारखे बारीक आणि गोल होते. काटा थांबला तेव्हा त्याने ताटली नरसाळ्यात उपडी केली आणि काडतुसाची पितळी पुंगळी दिव्याखाली धरून आत पाहिलं. पुंगळी गच्च भरली होती. वर गोळी बसवण्यापुरतीच काय ती जागा उरली होती.

"कॉफी," म्हणत वर्ना आत आली आणि तिने पेला दाराजवळच्या खोक्यावर ठेवला. दारूच्या टेबलावर दुसरं काही ठेवलेलं आपल्या भावाला खपत नाही, हे तिला ठाऊक होतं. नवरा रॉय गेल्यापासून ती लेलँडकडेच राहत होती. त्याच्या अशा कितीतरी गोष्टी आता तिच्या अंगवळणी पडल्या होत्या.

"ही नवीन आणलीस?"

"हो. सावकाश जळते. गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत नेते. आधीची भसकन पेटायची आणि संपायची."

"आधीचीनेसुद्धा खिडक्यांच्या काचा हलायच्या."

"काचा हलून काय करायचंय? अस्वल हललं पाहिजे."

वर्नाने पुंगळीत डोकावून पाहिलं. "जरा कमी भरलीस तर?"

"ही कमी भरून चालत नाही. अर्धवट भरली की धड पेटत नाही, भलतंच काहीतरी होऊन बसतं. भरायची तर पुरती, नाहीतर डब्याला हातच लावायचा नाही."

"म्हणजे अगदी तुझ्यासारखीच."

लेलँड हसला नाही. त्याने पुंगळीवर गोळी ठेवली आणि यंत्राचा दांडा खाली ओढला.

गेल्या ऑगस्टमध्ये दोघं ओढ्यावर सामन मासे धरायला गेली होती. आल्डरच्या झुडपांतून तपकिरी अस्वल निघालं आणि सरळ त्यांच्या अंगावर धावून आलं. लेलँडने पाच घरांचं ते अवजड रिव्हॉल्व्हर उपसलं आणि सगळं रिकामं केलं. अस्वल थबकलं, दोनदा फुत्कारलं आणि आल्या वाटेने परत गेलं. जखमी अस्वल मोकळं फिरणं सगळ्यांच्याच जिवावरचं, म्हणून शेजारचा एमेट दुसऱ्या दिवशी कुत्री घेऊन हिंडला. त्याला रक्ताचा एक थेंब सापडला नाही. गोळ्या चरबीतच अडकल्या असणार, असं लेलँडने गावातल्या खाणावळीत सांगितलं. दारूत दम नव्हता म्हणाला. अख्खा हिवाळा तो दुकानदाराशी आणि पुस्तकांशी दारूवरूनच हुज्जत घालत होता. आता बर्फ वितळलं होतं आणि मासे यायला फार अवकाश नव्हता.

दुपारी दोघं गाडी घेऊन जुन्या खडीच्या खाणीत गेली. गावातली माणसं नेम धरायला तिथेच येत. लेलँडने खोक्यावर कागदी ताटली डकवली, मोजकी पावलं मागे आला आणि कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या. पहिल्याच बाराला त्याचे हात कपाळापर्यंत उसळले. धूर विरला तरी ताटली कोरीच होती. पाच बार झाल्यावर ताटलीच्या कडेला एक चावा घेतल्यासारखी खूण दिसली. बाकीच्या गोळ्यांनी मागच्या दरडीतली माती उडवली होती.

"जोर बघितलास?" तो तळहात मांडीवर चोळत म्हणाला.

"बघितला."

"नवीन आहे. हात बसायला वेळ लागेल."

"आण इकडे, मी भरून देते. तू तोवर ताटली बदल."

तो नवी ताटली लावून परतला तेव्हा तिने भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. त्याने पाय रोवले. पहिला बार दरडीत गेला. दुसरा कुठे गेला ते कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने चाप ओढला आणि घोडा नुसताच खट्‌कन आपटला.

बार झालाच नाही. तरीही नळीचं तोंड सपकन खाली गेलं होतं, पार बुटांच्या दिशेने. खांदे पुढे आले होते, आणि डोळे गच्च मिटले होते, हे ते उघडताना त्याला कळलं.

काडतूस कधीकधी उशिराही उडतं. म्हणून त्याने सवयीने नळी पुन्हा दरडीकडे रोखली आणि थांबून राहिला. खाणीच्या वरच्या काठावर एक डोमकावळा ओरडत होता. मग त्याने चक्री उघडली. तिसऱ्या घरात भरलेल्या काडतुसाच्या जागी एक काळवंडलेली, आधीच उडालेली पुंगळी बसवलेली होती.

त्याने ती काढली आणि कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिला.

"ही तू घातलीस."

"हो."

"चुकून?"

"नाही."

तो जाऊन गाडीच्या मागच्या फळीवर बसला. वर्ना त्याच्या शेजारी टेकली. तिने थर्मास उघडला, पण ओतला नाही.

"रॉय मला असंच शिकवायचा," ती म्हणाली. "मला कळू न देता एक रिकामी घालायचा. बार व्हायच्या आधीच हात घाबरतो ना, ते एरवी धक्क्यात झाकून जातं. माझंही असंच व्हायचं. सुरुवातीला मी त्याच्यावर चिडायचे."

"माझं किती दिवसांपासून होतंय?"

"ते मला कसं कळणार? मी गेल्या ऑगस्टमध्ये पाहिलं."

लेलँडने तिच्याकडे पाहिलं नाही. "एक तरी लागली होती का?"

"नाही. सगळ्या तुझ्यासमोरच पाण्यात पडल्या. पाणी उडताना दिसत होतं मला."

"मग ते गेलं कसं?"

"त्याचं त्यालाच ठाऊक. आवाजाने गेलं असेल. तू ओरडत होतास ना."

"मी? काय ओरडत होतो?"

"पळ, वर्ना, पळ. तेवढंच, सारखं."

त्याने टोपी काढली आणि परत घातली. "आणि तू पळाली नाहीस."

"कुठे पळणार? वाट एवढीशी, आणि तिच्यात तू उभा."

त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज निघाला. कॉफी तिने तेव्हा कुठे ओतली.

"एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना दारूचं सांगत होतास," ती म्हणाली. "दारू बदलून होत असेल तर होऊ दे म्हटलं."

घरी आल्यावर लेलँड सरळ टेबलापाशी जाऊन बसला. सकाळी भरलेली काडतुसं त्याने एकेक करून सोडवली. पोकळ हातोडीत काडतूस अडकवायचं, ठोकळ्यावर आपटायचं, गोळी निघाली की दारू वेगळी करायची. वर्ना दारात उभी राहून पाहत होती. शेवटची पुंगळी रिकामी झाल्यावर त्याने खसखशीसारखी ती दारू तिच्या डब्यात परत ओतली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि डबा फडताळाच्या वरच्या खणात सारला. मग खालच्या खणातून दुसरा डबा काढला. त्यातल्या दारूच्या बारीक काळ्या चकत्या होत्या.

"ही कमी भरली तर चालते?" तिने विचारलं.

"चालते. गोळी जरा हळू जाईल, पण नेम असेल तिथे जाईल." त्याने पुस्तकात बोट घालून पान धरून ठेवलं. "हात दे."

"कशाला?"

"दे तर."

तिने हात पुढे केला. त्याने रिकामं रिव्हॉल्व्हर तिच्या मुठीत ठेवलं, तिची बोटं मुठीभोवती कुठवर पोचतात ते निरखलं, मनगट दाबून पाहिलं. "जड वाटतंय?"

"जड आहेच ते."

"उचलून धर. अजून. थरथरतंय का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि तराजूचं वजन नव्या जागी सरकवायला लागला.

जुलैत मासे आले. ओढ्याच्या वाटेच्या तोंडाशी दोघांनी गाडी लावली तेव्हा एमेट आपल्या गाडीत जाळं भरत होता. लेलँडच्या हातात गळ होता आणि खांद्याला अस्वलांवर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याची नळकांडी. एमेटची नजर त्याच्या कमरेकडे गेली, मग वर्नाच्या कमरेच्या पट्ट्याकडे.

"काय रे, तोफखाना बहिणीच्या स्वाधीन केलास?"

"केला."

"यंदा दारू कुठली भरलीस? अख्खा हिवाळा डोकं खाल्लंस आमचं."

"चकत्यांची. जुनीच आहे, मवाळ."

"मवाळ?" एमेटने जाळं खाली ठेवलं. "मवाळ दारूने अस्वल थांबतं होय?"

"वर्नाची गोळी लागते," लेलँड म्हणाला.

एमेट पुढचं काही विचारील म्हणून तो क्षणभर थांबला. एमेटने विचारलं नाही. वर्ना तोवर झुडपांपर्यंत पोचली होती, आणि अस्वलांना चाहूल लागावी म्हणून मोठमोठ्याने बोलत चालली होती. लेलँडने गळ सावरला आणि तिच्या मागोमाग वाटेला लागला.