नळीत राहिलेला माझा चुरा

मित्रांनो, मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आता गॅरेजच्या कोपऱ्यात, झिजलेल्या टायरांशेजारी आडवा पडलो आहे. एके काळी मी चारही चाकांच्या जोरावर चढ चढणाऱ्या एका दणकट ट्रकच्या पोटात होतो.

कारखान्यात माझे एकेक दातेरी चाक तासून, तेलात बुडवून बसवले गेले. चालवणाऱ्याने फक्त रस्ता पाहायचा, गिअर मी बदलायचे, असे माझे काम.

ट्रक चालवायच्या वहिनी. गॅरेजच्या मिस्त्रीच्या त्या थोरल्या भावजय. नवरा गेल्यावर त्यांनी स्टिअरिंग हाती घेतले आणि डोंगरावरच्या वस्तीला पाण्याच्या टाक्या पोचवू लागल्या. निसरड्या वळणावर त्या मला कधी रेटत नसत. "सावकाश रे बाबा, आपल्याला नुसतं निघायचं नाही, पोचायचंय," असे पुटपुटत. माझे एवढे लाड कोणी केले नाहीत.

तेल मात्र वेळेवर बदलले गेले नाही. "पुढच्या खेपेला बघू," मिस्त्री म्हणे. तेल काळे पडले, आतल्या चकत्या झिजल्या आणि अंगातून धातूचा बारीक चुरा सुटू लागला. शेवटी चढावर मी नुसताच गुरगुरायचो, ट्रक जागचा हलायचा नाही.

मला काढायचे ठरले. मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, तेल उपसले, पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे लांब दांडे उतरवले. ताकद चारही चाकांना वाटून देणारी पेटी वेगळी केली. मग खाली जॅक लावून मला अलगद इंजिनापासून ओढले. नवा गिअरबॉक्स माझ्या जागी चढला. काम सफाईने झाले, फक्त एक राहिले. तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या धुवायच्या होत्या. माझा चुरा त्यांतच अडकला होता. मिस्त्रीने नळ्यांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि त्या तशाच जोडल्या. मी कोपऱ्यातून पाहत होतो. मला ओरडता आले असते तर!

थोड्याच दिवसांत ट्रक दोरीने ओढत परत आणावा लागला. भरल्या टाकीसह चढावर नव्या गिअरबॉक्सने दगा दिला होता. ट्रक मागे घसरू लागला, तेव्हा वहिनींनी तो डोंगराच्या बाजूला घातला, म्हणून त्या वाचल्या. त्या उतरून गॅरेजात आल्या. आणि मिस्त्रीने उचलली जीभ लावली टाळ्याला.

"वहिनी, गाडी ताणली असणार तुम्ही. नवाकोरा गिअरबॉक्स असा जातो का कधी?"

चार गिऱ्हाइके ऐकत होती. वहिनींनी किल्ली टेबलावर ठेवली.

दुपारी मिस्त्रीने नव्या गिअरबॉक्सच्या तळाचे, तेल साठवणारे ताट खोलले. तळाशी राखाडी गाळ. त्याने नळी सोडून हवा मारली, तसा माझा काळा चुरा भसकन फरशीवर पडला. तो उकिडवा बसूनच राहिला. मग त्याने फडक्याने फरशी पुसली आणि फडके खिशात कोंबले.

त्यानंतर त्याचे मन त्याला खाऊ लागले. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करून ठेवायचा. मलाही माझ्या लोखंडाची लाज वाटत होती. वस्तीला पाणी दुसराच कोणी नेऊ लागला. वहिनी गॅरेजात येऊन सुटे भाग पुसत बसत. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, तुमच्या दादांनी हे पाहिलं नाही. माझ्या हातावर फार भरवसा होता त्यांचा."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.

"वहिनी, तुमचा हात चुकला नाही. नळ्या मी धुतल्या नव्हत्या."

आत गिऱ्हाइके होती. तो त्यांच्याकडे वळला आणि तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाला.

वहिनींनी पुसत असलेला भाग खाली ठेवला. "चूक कोणाचीही होते, भाऊजी. पण कळल्यावरसुद्धा मला मान खाली घालून बसू दिलंत?"

मान आता त्याची खाली होती.

"धुवा नळ्या," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी राहते."

निव्वळ स्वच्छ तेल येईपर्यंत त्याने नळ्या धुतल्या. नवा गिअरबॉक्स उघडला, साफ केला, आतल्या खराब चकत्या बदलल्या आणि पुन्हा चढवला. काम झाल्यावर त्याने टेबलावरची किल्ली उचलून दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. घेतली तेव्हा हसल्याही नाहीत.

"बसा शेजारी," त्या म्हणाल्या. "भरली टाकी घेऊन चढ चढायचाय. भीती वाटते का?"

"वाटते," मिस्त्री म्हणाला, आणि चढून बसला.

मित्रांनो, मला आता भंगारात जायचे आहे, त्याचे दुःख नाही. यंत्राचे तेल वेळेवर बदला, नळ्या धुवा, एवढेच माझे मागणे. आणि आपल्या हातची कुचराई दुसऱ्याच्या माथी मारली असेल, तर ती उतरवायला चारचौघांत जा. ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा मिस्त्रीने खिडकीची कड घट्ट धरली होती. वहिनींचे हात मात्र स्थिर होते.