ऑपरेटरची खुर्ची

गटार उपसणाऱ्या या यंत्रमानवामुळे दादूला तीन गोष्टी मिळणार होत्या: बसायला खुर्ची, छातीवर ‘ऑपरेटर’ लिहिलेला बिल्ला आणि संध्याकाळी नळावर उभं न राहता थेट घरात शिरायची मुभा. पहिल्या दोन नसत्या तरी चाललं असतं. तिसरीसाठी तो बावीस वर्षं थांबला होता. चार वर्षांची नात, दिशा, आजोबांच्या दोन अंघोळी झाल्याशिवाय त्यांच्या मांडीवर बसत नसे. शिवाय बायकोला, चंपाला, त्याने शब्द दिला होता: आता गटारात उतरणार नाही.

ठेकेदार चंद्रप्रकाशचा लाभ जरा रुंद होता. मुलुंडच्या या एका गल्लीत यंत्र चाललं आणि महापालिकेच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या की घाटकोपरपर्यंतच्या सगळ्या मॅनहोलांचा ठेका त्याचा. म्हणून त्याने दसऱ्याचा मुहूर्त धरला.

यंत्र म्हणजे वर पडदा बसवलेला तीन पायांचा सांगाडा आणि त्यातून खाली सुटणारा, कॅमेरा नि गॅसमापक लावलेला पंजा. ते पवईहून घेऊन आलेली इंजिनिअर श्रुतिका दादूला दांडी फिरवायला शिकवत होती.

“काका, असे यंत्रहात आधी कारखान्यात आले. माणसाचे हात भाजू नयेत म्हणून. साठ वर्षं होऊन गेली त्याला.”

“साठ? कारखान्यातून गटारापर्यंत यायला साठ वर्षं? रिक्षाने आला असता तरी लवकर पोचला असता गं.”

“आणि रोबो हा शब्द युरोपातल्या, वेठबिगारीच्या एका शब्दावरून आलाय.”

“मग नाव चुकलं. ते आमच्या बापाला द्यायचं होतं.”

तेवढ्यात चंद्रप्रकाश झेंडूचा हातभर जाड हार घेऊन आला आणि त्याने तो पंज्याला गुंडाळला.

“सर, तिथे सांधा आहे. हार नको,” श्रुतिका म्हणाली.

“मॅडम, दसऱ्याला हार नाही घातला तर यंत्र रुसतं.”

हार घातला, तर ते अडकलं. पंजा खाली गेला, गाळ धरायला उघडला आणि हाराचा नायलॉनचा दोरा सांध्यात असा बसला की पंजा मिटेचना. उघडा पंजा मॅनहोलच्या तोंडातून वर येईना. पाहुणे अर्ध्या तासावर होते.

सगळे दादूकडे बघू लागले.

“खाली गॅस आहे,” श्रुतिका पडद्यावरचा लाल आकडा दाखवत ओरडली. “माणूस उतरवायचा नाही! नियम आहे.”

“माणूस कोण उतरवतंय? दादू ऑपरेटर आहे,” चंद्रप्रकाश शांतपणे म्हणाला.

दादू खुर्चीत आणखी मागे रेलला. “शेठ, यंत्राला कळतं खाली जीव जाईल म्हणून. तुम्हाला पण एक पडदा बसवून घ्या.”

“उतरत नसशील तर खुर्ची सोड.”

दादूने खुर्ची सोडली. पण मॅनहोलकडे जाण्याआधी तो भिंतीकडे गेला. तिथे त्याचा जुना बांबू उभा होता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून सकाळीच त्याच्यावर ताडपत्री टाकली होती. त्याने बांबूच्या टोकाला विळा बांधला, नाकावर रुमाल घट्ट केला, काठावर पालथा पडून पडद्यात बघत दोरा शोधला आणि वरूनच कापला. पंजा खाडकन मिटला. मुठीत मावला नाही तो गाळ दादूच्या तोंडावर आला.

“झकास!” चंद्रप्रकाश म्हणाला. “आता जरा लांब उभा राहा. फोटो आहे.”

बिल्ला पुसून चंद्रप्रकाशच्या भाच्याला, मिथुनला, लावला. खुर्ची पुसावी लागली नाही. पाहुण्यांनी विचारलं, “माणसाची अजिबात गरज नाही?” मिथुन म्हणाला, “अजिबात नाही सर.” श्रुतिका काही बोलणार होती, पण टाळ्या सुरू झाल्या.

संध्याकाळी दादू नळावर उभा राहिला. चंपा दारातून कडाडली, “शब्द दिला होतात ना? उतरलात शेवटी!”

“नाही गं. आईशप्पथ, काठावरच होतो.”

“मग हा वास?”

“यंत्राचा आहे. त्याला नको होता.”

दसरा असा फळला: पाहुण्यांना फोटो, मिथुनला खुर्ची, चंद्रप्रकाशला घाटकोपरपर्यंतची मॅनहोलं. दुसऱ्या दिवसापासून सामानाच्या यादीत एक ओळ वाढली: बांबू, नग एक. तो धरणाऱ्याची ओळ कुठे नव्हती. दादूच्या वाट्याला आलं तीन अंघोळींचं पाणी. आणि तिसरी होईतो दिशा झोपून गेली होती.