वॅटलबर्डच्या नाळेतलं भोक

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," अल्विन ट्रेलोर म्हणाला, "आणि कुणाचा बसलाच, तर मला त्याचीच काळजी वाटेल."

बोट क्लबच्या हॉलमध्ये हसू फुटलं, पण बेताचंच. शनिवारची दुपार होती. बारवर सोडतीत जिंकायच्या मटणाची ताटं प्लास्टिकखाली मांडून ठेवली होती. सोडतीआधी समितीला एक काम उरकायचं होतं, आणि ते काम म्हणजे अल्विन. वय एकोणऐंशी. गेल्या रविवारी त्याची बोट, वॅटलबर्ड, धक्क्याच्या खांबावर आदळली होती, आणि खांब नि बोट यांच्यामध्ये त्याच्या बायकोचा हात सापडला होता. ती, ऊना, पहिल्या रांगेतच बसली होती. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाहेर आलेली बोटं पिकल्या जांभळासारखी. दोन बोटं पुन्हा वाकतील याची डॉक्टरला खात्री नव्हती.

"अल्विन, लांबण लावू नकोस," अध्यक्ष ग्लेनिस हार्बॉटल म्हणाली. "गेल्या वर्षी तू तीनदा धडकलास. तेव्हाच सांगितलं होतं, एक तर बोटीचं तोंड वळवणारा थ्रस्टर बसव, नाहीतर धक्क्यावरची अकरा नंबरची जागा सोड. तू थ्रस्टर विकत घेतल्याची पावती दाखवलीस, आम्ही गप्प बसलो. आता एवढंच सांग, रविवारी चूक यंत्राची की तुझी? यंत्राची असेल तर दुरुस्त करून घे. तुझी असेल तर बोट आजच पाण्याबाहेर, नि सुकाणू पुन्हा तुझ्या हाती नाही."

अडतीस वर्षांपूर्वी ती बोट अल्विननं स्वतःच्या हातांनी, घरामागच्या छपराखाली बांधली होती. ती गेली की उरतो कोण? स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्याकडे बघणारा एक म्हातारा. असे म्हातारे त्यानं पाहिले होते. दोन हिवाळ्यांत संपतात.

"चूक माझी नाही नि यंत्राचीही नाही," तो म्हणाला. "चूक भोकाची आहे."

"झालं सुरू," मागून कोस्टा मनोलाकिस म्हणाला. कोस्टा म्हणजे निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्या तळ्यावरच्या निम्म्या बोटींच्या तारा त्यानं ओढलेल्या.

"ऐक तर खरं, कोस्टा. थ्रस्टरच्या दुकानदारानं तक्ता काढला. म्हणाला, नऊ मीटरची बोट, चाळीस किलोचा जोर पुरे. मी म्हटलं, बाबा रे, तुझा तक्ता बोटीची लांबी मोजतो, वारा केबिनची उंची मोजतो."

"आणि तुझी केबिन म्हणजे तरंगतं टेलिफोनचं खोपटं."

"म्हणून साठ किलोचा घेतला. नाळेतून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातून, आरपार आडवी नळी, वीतभराला जरा कमी, नि नळीच्या पोटात पंखा. बटण दाबलं की बोटीचं तोंड हव्या त्या बाजूला. नळी खोल हवी, तिच्या वरच्या कडेवर निदान तिच्या रुंदीइतकं पाणी हवं. नाहीतर पंखा नुसती हवा ढवळत बसतो."

"एवढं मात्र खरं बोलला," कोस्टानं शेजाऱ्याला सांगितलं.

अल्विनला जोर आला. जूनमध्ये नदीच्या वरच्या अंगाला, एका ओळखीच्या शेडमध्ये त्यानं बोट वर काढली, असं तो म्हणाला. बोट जूनभर जागेवर नव्हती हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. ग्लेनिसनं मान डोलावली.

"पेन्सिलीनं नाळेवर गोल काढला," अल्विन म्हणाला. "पुसला. पुन्हा काढला. अकरा दिवस मी नुसता गोल काढत होतो. माणसानं स्वतःच्या पोराच्या अंगाला करवत कशी लावायची, सांगा मला." बोलताना त्याचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला, जणू पेन्सिल अजून चिमटीतच होती. "बाराव्या दिवशी लावली. आणि भोक आरपार झालं तेव्हा त्यातून गार हवा आली. शेड बंद, पान हलत नव्हतं. हवेला समुद्राचा वास. तिथं नदीचं पाणी गोडं आहे, आणि समुद्र चाळीस किलोमीटरवर."

हॉलमध्ये कुणीतरी ग्लास खाली ठेवला.

"बोट पाण्यात आली नि पहिल्याच सकाळी काळे हंस लांब सरकले. रोज नाळेशी पावाला जमायचे ते. आता दूर गोल करून थांबायचे, वीस हातांवर, आणि माना सरळ. मी पाव टाकला. पाव वाहत नळीपाशी गेला आणि आत गेला. पंखा बंद होता, बरं का. दुसऱ्या बाजूनं बाहेर आला नाही."

"माशानं खाल्ला असेल," ग्लेनिस म्हणाली, पण खुर्चीत जरा मागे सरकून.

"मलाही तसंच वाटलं. मग दोर. सकाळी पाहावं तर नाळेचा दोर तुटेल इतका ताणलेला, तोंड तळं समुद्राला मिळतं त्या मुखाकडे. भरती असो की ओहोटी. दोर सैल करून बांधावा, तर तासाभरात पुन्हा तसाच. आणि बटण दाबलं की तोंड वळायचं, पण बटणावरचं बोट उचललं तरी वळतच राहायचं."

"फ्यूज काढायचा मग."

"काढला."

"मेन स्विच?"

"बंद."

"बॅटरी?"

"काढून धक्क्यावर ठेवली, कोस्टा. दोन तास तिच्यावर एक पेलिकन बसला होता."

"मग मोटार फिरत होती कशावर?"

"तेच मी तिला विचारलं."

हॉल खदखदून हसला. कोस्टानं दोन्ही हात वर केले. हशा ओसरला तरी अल्विन हसला नव्हता, आणि हे लोकांच्या ध्यानात आलं.

"उत्तर मिळालं," तो म्हणाला. "रविवारी."

ऊना खाली जमिनीकडे बघत होती. अल्विन मघापासून तिच्याखेरीज सगळ्यांकडे बघून बोलत होता.

"आम्ही मुखाकडून परत येत होतो. धक्का साठ हातांवर राहिला आणि वारा पडला."

"काय सांगतोस! पश्चिमेचा वारा होता," ग्लेनिस म्हणाली. "माझी छत्री टेबलासकट उडाली."

"धक्क्यावर होता, ग्लेनिस. मी पाहत होतो तुझी छत्री. बोटीवर नव्हता. आमच्याभोवती वीस हात पाणी तेलासारखं सपाट, आणि त्या वर्तुळाच्या कडेला लाटा येऊन थांबायच्या. हंस थांबायचे तशा. मग खालून आवाज आला. पंख्याचा नव्हे. झोपलेलं जनावर कूस बदलतं ना, तसा. नाळ वळायला लागली. मी इंजिन उलटं टाकलं, सगळा जोर लावला. पिछाडीला फेस झाला, पण बोट पुढेच. सरळ त्या जुन्या खांबाकडे. लाकडाच्या खांबाकडेच. शेजारी सिमेंटचे दोन आहेत, त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तेव्हा कळलं मला. त्या भोकाला त्याचं लाकूड परत हवं होतं. जेवढं मी कापलं, तेवढं."

बारमागचा माणूस फडकं हातात घेऊन तसाच उभा.

"ऊना खाली चहा करत होती. हिसका बसला म्हणून ती धावत वर आली. मला वाचवायला, बरं का, मला. नि घातला हात मध्ये." त्याचा आवाज फाटला, आणि ते फाटणं खोटं नव्हतं. "बोटीला लाकूड हवं होतं. तिला ते मिळालं."

कोस्टा खाकरला.

"बॅटरीचं सोडा. ती थाप आहे," तो सावकाश म्हणाला. "पण रिले, म्हणजे मोटारीचा आतला स्विच, चिकटला ना, तर बटण सोडलं तरी मोटार फिरत राहते. मी दोन बोटींवर पाहिलंय. साठ किलोचा जोर एकाच बाजूला लागला तर चांगला नावाडीही काय करणार? बाकी हंस-बिंस त्यानं वरून लावलंय, पण मुळाशी काहीतरी असेल."

समितीची डोकी एकमेकांजवळ आली. अल्विननं खुर्चीची पाठ घट्ट धरली. ग्लेनिसनं लेखणी उचलली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "यंत्राचा दोष धरू. कोस्टा ती मोटार तपासून दुरुस्त करील. जागा तुझी, सुकाणूही तुझं. पुढच्या रविवारी बोट बाहेर काढून दाखव, आम्ही धक्क्यावर उभे राहू. पण एक सांग, अल्विन, तेव्हा नाळेवर दोर घेऊन कोण उभं राहणार? ऊनाचा हात तर असा."

अल्विनचा जीव भांड्यात पडला होता. त्या आनंदात त्याला विचार करायला सवड मिळाली नाही.

"उजवा आहे की तिचा," तो म्हणाला.

ऊनानं मान वर केली. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. पण मागच्या रांगेपर्यंत प्रत्येकाला ऐकू गेलं.

"अल्विन, त्या थ्रस्टरचं खोकं आपल्या धुण्याच्या खोलीत आहे. एप्रिलपासून मी त्याच्यावर कपड्यांच्या घड्या घालते. त्याची चिकटपट्टीसुद्धा अजून कुणी फाडलेली नाही. आणि रविवारी मी चहा करत नव्हते. मी दोर घेऊन नाळेवर उभी होते."