कामावर गेलेत

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचा चष्मा दिसतो. त्यामुळे संशोधक मुलगी समोर बसून बोलत होती, तेव्हा हिचं निम्मं लक्ष तिच्या डावीकडे कललेल्या फ्रेमकडेच होतं.

"काल दुपारी झालं, ताई," ती म्हणाली. "आजींना मिनिटभर सगळं लख्ख आठवत होतं."

आजी म्हणजे हिच्या सासूबाई. स्मृतिभ्रंश झालेली माणसं मधूनच पूर्वीसारखी शहाण्यासारखी बोलतात, आणि पुन्हा हरवतात. असं का होतं, याचा अभ्यास या वृद्धाश्रमात चालला होता. खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला होता. माणूस जे बोलला ते खरं आहे, असं घरच्यांनी सांगितलं तरच तो क्षण धरायचा. नाहीतर ती नुसती बडबड.

हिने परवानगी दिली होती, पण एक भीती मनात ठेवूनच. हिचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, जाऊन दोन वर्षं झाली होती. ते सासूबाई विसरल्या होत्या. रोज संध्याकाळी ही दारात दिसली की त्या विचारत, "कुठंय तो?" ही म्हणे, "कामावर गेलेत. येतील उशिरा." त्या "हो" म्हणत आणि विषय मिटे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मध्येच जाग आली आणि मूठ उघडली, तर? ज्या बाईने जन्मभर शाळा चालवली, पोरांच्या थापा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून ओळखल्या, ती आपल्याला काय म्हणेल?

आता तीच वेळ आली होती. काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. नवरा गेल्यापासून हिच्या आत काही व्हायचंच थांबलं होतं. लोक म्हणत, किती धीराची बाई, डोळ्यातून टिपूस नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचून बधिर केलेल्या दाढेला कुणी धीराची म्हणत नाही, पण लोकांना कोण सांगणार.

"लावा ते रेकॉर्डिंग," ही म्हणाली.

पडद्यावर सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मागे उभ्या राहून आश्रमातल्या मावशी त्यांचे केस विंचरत होत्या.

"हळू गं," सासूबाई म्हणाल्या. "राहिलेत किती ते बघ आधी." आवाज पूर्वीचा होता, मुख्याध्यापिकेचा. "सून यायची वेळ झाली का?"

"येतील की आता. आणि साहेब कामावरून—"

"तू नको ते सांगूस. तो गेला. दवाखान्यात त्याच्या एकाच पायात मोजा होता. दुसरा कुणाला सापडला नाही."

मावशींचा कंगवा थांबला. "मग आजी, रोज विचारता कशाला?"

"विचारावं लागतं. मी विचारलं की ती म्हणते, कामावर गेलेत. मग बसते, फळ सोलते, दुकानातल्या गमती सांगते. एकदा नाही विचारलं, तर पोर दारातच उभी राहिली." सासूबाई जराशा हसल्या. "खोटं बोलताना पर्सचा पट्टा पिळते. कधी म्हणून जमलं नाही तिला." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "घंटा झाली का? वर्गात बाई नाहीत अजून."

मुलीने पडदा बंद केला.

"ताई, पाणी देऊ का?"

"तुमचा चष्मा द्या इकडे."

पर्समधल्या छोट्या पेचकसाने तिने दांडीचा स्क्रू आवळला, नाकाजवळच्या गाद्या चिमटीत धरून सारख्या केल्या, काचा ओढणीला पुसल्या. मुलीने चष्मा घातला आणि बिचारीला पुढचं विचारावंच लागलं.

"मोज्याचं खरं आहे?"

"खरं. मी कुणाला बोलले नव्हते ते."

"तुम्ही दारात उभ्या राहिलात, ते?"

ते हिला आठवत नव्हतं. मग आठवलं. त्या दिवशी सासूबाई झोपाळल्या होत्या, आणि हिला वाटलं होतं, आता आत जाऊन करायचं काय.

"खरं," ती म्हणाली. "सगळंच खरं आहे. धरा तो क्षण."

सासूबाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. त्या पलंगावर बसून चादरीच्या कडेची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. ही दारात आली. त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा घडीत मान घातली.

काही विचारलं नाही.

ही उभी राहिली. एवढ्याने पाय अडतात, याची तिला लाज वाटली. इतके दिवस ही समजत होती की आपण म्हातारीला सांभाळतोय.

"आई, आज विचारलं नाहीत."

"काय?"

"ते कुठे आहेत ते."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. ओळख पटली की नाही, कळेना. "कुठंय तो?" त्यांनी विचारलं, सांगितलं म्हणून.

कामावर गेलेत. शब्द सवयीने जिभेवर आलेच होते. हात पर्सच्या पट्ट्याकडे निघालाही होता. तो तिने खाली सोडला.

"गेले ते, आई," ती म्हणाली. दोन वर्षांत हे वाक्य तिने कुणासमोरच म्हटलं नव्हतं. घशात काहीतरी दुखायला लागलं, बधिरपणा उतरताना दाढ दुखते तसं.

"हो," सासूबाई म्हणाल्या, रोज म्हणायच्या तसंच. मग चादर बाजूला सारून त्यांनी पलंगावर जागा केली.

"बस."

ती बसली.