उत्तरेच्या फांदीवरचा डोळा

‘‘सरळ वाढ गं बाय. तुझ्यावर आमची रोपवाटिका उभी राह्यची हाय.’’ पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या मुळाशी पाणी घालताना नवी नवरी दैवशाला असं म्हणाली होती. तो आवाज अजून माझ्या सालीत मुरलेला आहे.

मित्रांनो, मी अंबडजवळच्या रोपवाटिकेतली जुनी मोसंबी आहे. दैवशालाचा नवरा पुंजाराम माझ्या काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, अलगद काढायचा आणि दुसऱ्या रोपाच्या खुंटाच्या सालीत बांधायचा. त्या एवढ्याशा डोळ्यातून नवं झाड उठायचं. अशा माझ्या लेकी गावोगाव नांदायला गेल्या. लोक म्हणायचे, ‘‘पुंजारामची मोसंबी म्हंजे बिलकुल साखर!’’ मी वाऱ्यावर डुलायचे.

यंदा मात्र माझी पानं पिवळी पडली. खत झालं, फवारणी झाली. शेवटी जालन्याच्या प्रयोगशाळेतून चिन्मयी आली. तिनं माझी पानं नि सालीचा तुकडा बर्फाच्या डब्यात ठेवला.

‘‘ताई, झाड म्हातारं झालंय, दुसरं काय? मी बी पिवळा पडून राह्यलो की!’’ पुंजाराम हसला.

‘‘मंग तुमची बी साल द्या तपासायला,’’ दैवशाला म्हणाली.

‘‘काका, आमचं यंत्र पानातली सगळी जनुकीय अक्षरं वाचतं,’’ चिन्मयी म्हणाली. ‘‘त्यातली मोसंबीची बाजूला काढायची. उरलेल्यांत विषाणू लपला असला, तर ओळखू येतो.’’

मी मुळापर्यंत थरथरले. माझ्या उत्तरेच्या फांदीवर काय बांधलंय, हे मला आणि पुंजारामलाच ठाऊक होतं. पुंजारामचंही हसू सुकलं.

मग रोज वाट पाहणं. फाटक वाजलं की माझं एक पान गळायचं. मी मनात म्हणायचे,

जा रे वाऱ्या तू आष्टीला, माझ्या लेकीच्या बांधाला
बघ पिवळी का हिरवी, सांग येऊन आईला

वारा यायचा, पण काही सांगायचा नाही.

एका दुपारी चिन्मयी कागद घेऊन आली. ‘‘विषाणू आहे, काका. हे झाड काढावं लागेल. पण या विषाणूची अक्षरं इथल्या बागांतल्या विषाणूशी जुळत नाहीत. भोकरदनकडच्या एका वाळलेल्या बागेतल्या विषाणूशी जुळतात. तो इथं आला कसा? आणि कधी? ते कळलं नाही, तर इथून गेलेली सगळी झाडं उपटायला सांगावी लागतील.’’

‘‘भोकरदन?’’ दैवशाला दचकली. ‘‘तिकडं तर माझं माहेर!’’

सगळी झाडं! मित्रांनो, मला कुऱ्हाडीचं भय नव्हतं. निरोगी लेकीही माझ्यापायी मरतील, याचं भय होतं. आम्हाला तोंड नसतं. तुम्हाला आहे. झाडांवर माया करा. पण काय कुठून आणून कुठं लावलं, ते लपवू नका. चूक एका फांदीला लागते, गप्प बसणं साऱ्या बागेला.

पुंजारामनं हातातला चाकू खाली ठेवला. दैवशालाकडे न बघताच तो म्हणाला,

‘‘दोन वर्षं झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझा बाप गेल्ता, त्याची मोसंबी वाळून चालल्ती. तिचा एक डोळा आणून मी हिच्या उत्तरेच्या फांदीवर बांधला. तुला बापाच्या झाडाचं फळ खाऊ घालायचं होतं. ते झाड आजारी हाय, हे मला तवाच दिसलं होतं. भ्यालो, बोललो न्हाई. ताई, त्याच्या आधीच्या झाडांना हात लावू नका.’’