चिंचेवरच्या माहेरवाशिणी

येसूबाईंच्या दारच्या चिंचेइतकी गार सावली साऱ्या किन्हवलीत नव्हती. पण पाऊस लागला की तिच्याखाली उभं राहायची सोय नसे. वर बगळ्यांची वस्ती! दिवसभर कलकल, शिटलेलं अंगण, त्यात कुजक्या माशांचा वास. हा वैताग आपल्यापैकी कित्येकांनी सोसला असेल. यंदा मात्र येसूबाईंनी मनावर घेतलं. लेक दिशा आषाढात पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्या घाणीत नातवंड ठेवायचं कसं? त्यांनी मुलाला, मुकेशला सांगून करवतवाला ठरवला. पाऊस लागायच्या आधीच, सोमवारी चिंच पडणार होती.

आदल्या दिवशी त्या ठाण्याला लेकीकडे होत्या. दिशाने त्यांना सकाळीच खाडीकाठच्या पक्षी अभयारण्यात नेलं. ओहोटी लागलेली. मचाणावरून लांबवर चिखल दिसत होता आणि त्यावर गुलाबी फ्लेमिंगो, पांढरे बगळे, नुसती पाखरंच पाखरं!

येसूबाईंचा जन्म भाताची राखण करण्यात गेलेला. डोक्यात काही यायच्या आत हात उठले.

“हाऽऽ हुर्रर्र!” त्यांनी अशी टाळी ठोकली की अर्धा थवा उडाला.

सगळे वळून बघू लागले. दिशाने कपाळाला हात लावला. पक्षी दाखवणारी श्वेता मात्र हसली.

“मावशी, इथं शेत त्यांचंच आहे! भरती आली की चिखल बुडतो. तोवर पोट भरायचं असतं त्यांना.”

येसूबाई ओशाळल्या. “सवय गो बाय. परत नाय करायची.”

थवा हळूहळू उतरला. श्वेताने दुर्बीण दिली. बगळ्यांच्या काळ्या पायांना पिवळे पंजे, पाठीवर झालरीसारखी पिसं.

“अगो, हे तर आमच्या चिंचेवरचे!”

“असतीलही. ती झालर विणीच्या दिवसांतली. पावसाळ्यात असे बगळे भाताच्या गावांकडं, बहुधा दरवर्षी त्याच झाडांवर, घरटी करतात. पिल्लांना बेडूक, किडे शेतात मिळतात.”

दिशा आईकडे वळली. “आणि तू उद्या चिंच तोडतेस!”

“तुझ्यासाठीच ना! अन् आता तिच्यावर घरटा नाय, पिल्लू नाय. पाप कसला?”

दिशाने पोटावर हात ठेवला. “मी तरी अजून कुठं आलेय माहेरी? मी यायच्या आधी तू घर पाडलंस, अन् वर म्हणालीस, तेव्हा तू घरात नव्हतीस, तर मी कुठं जायचं गो?”

येसूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अरे देवा! आपण कुणाचं माहेर मोडायला निघालो होतो!

“पण घाणीचा काय?” त्यांनी हळूच विचारलं.

“माझी खाट मागच्या खोलीत घाल. पडवीपुढं ताडपत्री बांध. अंगण मी नाय, मुकेश धुवेल!”

येसूबाईंनी तिथूनच फोन लावला. “मुकेश, करवतवाल्याला नको सांग. शहापुरातून मोठी ताडपत्री आण.”

“का गो? काय झाला?”

“माहेरवाशिणी यायच्यात रे! एक घरात, बाकीच्या चिंचेवर.”

श्रावणात येसूबाई नातीला मांडीवर घेऊन ताडपत्रीखाली बसल्या होत्या. वर पिल्लांनी कालवा मांडला होता. बाळ दचकलं, तसे येसूबाईंचे हात सवयीने उठू लागले. पण त्यांनी टाळी वाजवली नाही, पदर तेवढा बाळाच्या कानावर धरला.

वाचकहो, अंगण धुऊन निघतं. पण झाड तोडल्यावर, दमून परतलेल्या जिवाला आपण काय सांगणार? दारच्या झाडाला करवत लावण्याआधी एवढं विचारून घ्यावं, इथं कोण यायचं आहे?